गंजाच्या चौकातली पितळी शिट्टी

मित्रांनो, माझे नाव कोणी कधी ठेवले नाही. ठाण्याच्या वहीत माझी नोंद 'शिट्टी पितळी, क्रमांक सत्तावीस' अशी होती आणि मी तेवढ्यावरच समाधान मानले. आता मी जुनी झाले आहे. अंगाचा पिवळा रंग काळवंडला आहे, एका कडेला पोचा पडला आहे आणि पोटातला बुचाचा गोळा झिजून निम्मा उरला आहे. तरी कोणी मनापासून फुंकले तर मी अजून वाजते.

माझा जन्म कलकत्त्याच्या एका कारखान्यात झाला. कारागिराने पितळेच्या पातळ पत्र्याचे दोन भाग डाख देऊन जोडले, तोंड कानशीने गुळगुळीत केले, पोटात गोळा टाकला आणि ओठांशी धरून एकदा फुंकून पाहिले. शेजारच्या दोन शिट्ट्या त्याने बाजूला टाकल्या. मी मात्र पास झाले. मग लाकडी खोक्यात, भुशात बसून, रेल्वेने मी गोंदियाला आले. तो सन बावीसचा उन्हाळा होता.

ठाण्यात मला पतिराम नावाच्या शिपायाच्या हाती दिले. पतिराम गोंदियाजवळच्या गोरेगावकडच्या एका धानकऱ्याचा मुलगा होता. उंच, हडकुळा आणि बोलायला कमी. मला साखळीत ओवून त्याने छातीवरच्या खिशात ठेवले, तेव्हा त्याच्या काळजाची धडधड मला ऐकू येत होती. दर रविवारी तो मला चिंच आणि राख लावून घासायचा. सरकारी वस्तू अशी कोणी जपत नाही, असे त्याचे सोबती म्हणायचे. तो नुसता हसायचा.

त्याची ड्यूटी गंजाच्या चौकात असे. चौकाच्या एका अंगाला स्टेशनचा रस्ता, दुसऱ्या अंगाला धान्याचा बाजार, ज्याला सगळे गंज म्हणत, आणि मध्ये किराण्याची, कापडाची, तंबाखूची दुकाने. गोरेगावच्या धानाच्या बैलगाड्या, गिरण्यांकडे पोती वाहणारे हमाल, नवेगाव बांधावरून सुकी मासळी घेऊन येणाऱ्या बाया, जवळच्या मुर्री गावाहून विड्या पोचवायला येणाऱ्या बाया, सगळे याच चौकातून जात. गाड्या अडकल्या की पतिराम मला फुंकायचा. बैल उधळला, लेकरू हरवले, कापडाचे ठाण घेऊन कोणी पळाला, की मी वाजायचे आणि लोक वळून पाहायचे. एकदा ठाणेदाराने सगळ्यांसमोर पतिरामला शाबासकी दिली. त्या दिवशी मला वाटले, की मी ज्या कामासाठी जन्मले ते हेच.

पण मित्रांनो, सन तीसच्या पावसाळ्यात माझ्या हातून दुसरेच काम झाले.

जंगल सत्याग्रहाचे दिवस होते. चौकात लोक जमले होते. नुसते उभे होते, गात होते. वरून हुकूम आला. पतिरामने मला ओठांशी नेले, तेव्हा आधी दोनदा श्वास भरून तसाच सोडून दिला, हे फक्त मला माहीत आहे. मी वाजले आणि लाठ्या सुरू झाल्या. गर्दीच्या कडेला खुशाल नावाचा एक हमाल होता. तो सत्याग्रहीही नव्हता, मालधक्क्यावरून घरी निघाला होता. लाठी त्याच्या उजव्या कोपरावर बसली. ते हाड वाकडेच जुळले आणि त्याची पोती उचलण्याची ताकद गेली. मालधक्क्यावर झाडलोट करण्याचे काम तेवढे त्याच्याकडे उरले. खुशालची बायको धनवंता मुर्रीत घरी बसून विड्या वळायची. त्या दिवसापासून घर तिच्या बोटांवर चालू लागले.

पतिरामने त्यानंतरही मला घासणे सोडले नाही. पण चौकात मी वाजले, की लोक वळून पाहण्याऐवजी बाजूला सरू लागले. दुकानांच्या फळ्या खटाखट लागू लागल्या. माझा आवाज तोच होता. लोकांच्या कानात त्याचा अर्थ बदलला होता.

याच फळ्यांच्या आडोशाने चौकात एक वेगळीच सत्ता वाढली.

दारूच्या दुकानासमोर दगडी ओटा होता. त्या ओट्यावर दुलीचंद आणि त्याचे सात-आठ सोबती दुपारपासून बसत. दुलीचंद कधीकाळी आखाड्यातला पहिलवान होता. आता तो पत्त्यांचा जुगार बसवायचा, आणि त्याच्या परवानगीशिवाय चौकातून सुखाने कोणी जाऊ शकत नसे. भाजीवालीच्या टोपलीतून हवे ते उचलायचे, गाडीवानाच्या बैलाची वेसण धरून त्याला अर्धा तास उभे ठेवायचे, बाया दिसल्या की रस्त्यात पाय पसरायचे. पतिराम चौकात दिसला की सगळे पत्ते गोळा करून साळसूद बसत. तो स्टेशनकडे वळला की पुन्हा सुरू.

सन पस्तीसच्या हिवाळ्यात एका बाजाराच्या दिवशी शामकलाची पाळी आली. शामकला नवेगाव बांधाची, मासळी विकणारी, एकटी बाई. दुलीचंदने तिच्या टोपलीतली मासळी मागितली आणि ती नाही म्हणाली. एका लाथेत टोपली नालीत गेली. ती टोपली धरायला वाकली, तेव्हा कोणीतरी तिला धक्का दिला. ओट्याच्या कडेवर तिचे कपाळ आपटले.

पतिराम धावत पोचला तेव्हा रक्त तिच्या डोळ्यात उतरले होते आणि सगळा चौक आपापल्या कामात मग्न होता.

"कोणी पाह्यलं?" त्याने विचारले.

किराणा दुकानदार श्यामलाल तराजू पुसत बसला होता. दुकानापासून ओटा वीस पावलांवर. "हम तो अंदर थे भाई," तो म्हणाला. "हमको क्या मालूम."

वरच्या मजल्याच्या गॅलरीत त्याची बायको सुशीलाबाई उभी होती. पतिरामने वर पाहिले, तशी ती आत गेली.

रस्त्याच्या पलीकडे विड्यांची टोपली घेऊन धनवंता उभी होती. तिने सगळे पाहिले होते. पतिराम तिच्याकडे एक पाऊल चालला, आणि ती पाठ फिरवून मुर्रीच्या वाटेला लागली.

शामकलाने नाव सांगितले म्हणून पतिरामने दुलीचंदला ठाण्यात नेले, पण त्या संध्याकाळीच ठाणेदाराने त्याला सोडून दिले. साक्षीदार नाही, तर गुन्हा कशाचा. सुटल्यावर दुलीचंद त्याच ओट्यावर येऊन बसला. शामकलाने बाजाराला येणे बंद केले.

चार दिवसांनी पतिराम मुर्रीला गेला. दुपारची वेळ होती. धनवंता अंगणात सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होती, खुशाल भिंतीला टेकून बसला होता. शिपायाचा पोशाख दिसताच शेजारच्या बाया घरात शिरल्या.

"कायले आले जी?" धनवंता मान वर न करता म्हणाली.

"साक्ष मागाले आलो, बाई. तुमी पाह्यलं."

"पाह्यलं."

"मंग सांगत काऊन नाई?"

तिची बोटे थांबली. "कोनाले सांगू? ठाण्याले? तुमच्या सिट्टीनं माह्या घरच्याचा हात गेला. तवा तुमी कोनाची साक्ष घेतली होती?"

पतिराम एक पाऊल मागे सरला.  खुशाल त्याच्याकडे बघत होता.  मला वाटले, आता हा परत फिरणार.

त्याने मला साखळीतून सोडवले आणि सुपाच्या कडेला, तंबाखूच्या डब्याशेजारी ठेवले.

"मी एकटा हावो," तो म्हणाला. "मी चौकात असलो की ते चुप रायतात. मी गेलो की सुरू होतात. मी नसीन तवा मले बोलवाले कोनी पाहिजे. तुमी सोडून दुसऱ्या कोनापाशी जाची माही हिंमत नाई."

"काऊन?"

"बाकीचे खोटं बोलले. तुमी फक्त पाठ फिरवली."

धनवंताने मला हात लावला नाही. सरकारी वस्तू अशी दुसऱ्याला देणे हा केवढा गुन्हा, हे तिलाही ठाऊक होते. मग खुशाल उठला. त्याने डाव्या हाताने मला उचलले, उलटसुलट करून पाहिले. ज्या आवाजाने त्याचे आयुष्य वाकडे केले, तो आवाज एवढ्याशा वस्तूतून निघाला, याचे त्याला नवल वाटले असावे.

"ठेव," तो बायकोला म्हणाला. "आज शामकला, उद्या तू."

एवढे बोलून तो पतिरामकडे न बघता घरात गेला.

मित्रांनो, त्यानंतरचे दोन महिने मी धनवंताच्या टोपलीत, विड्यांच्या फडक्याखाली काढले. तंबाखूच्या वासाने माझे डोके भणभणून जायचे. रोज चार वाजता चौक जवळ आला की तिचा हात फडक्याखाली येऊन मला चाचपून जायचा. दुलीचंदच्या ओट्याजवळ तिची बोटे थंड पडलेली मला कळायची. भीती काय असते ते मला त्या बोटांनी शिकवले.

पण ती नुसती भीत बसली नाही. आधी तिने मुर्रीच्या बायांना गाठले. यापुढे एकटीदुकटीने विड्या पोचवायला जायचे नाही, चौदाजणी मिळून जायचे, असे ठरले. मग तिने नवेगाव बांधाला जाणाऱ्या एका बाईबरोबर शामकलाला निरोप धाडला, की ये, आम्ही सोबत आहोत. सगळ्यात शेवटी ती श्यामलालच्या दुकानात मीठ घ्यायला गेली. श्यामलाल आत पोती मोजत होता. गल्ल्यावर सुशीलाबाई होती.

"बाई, एक मागू?" धनवंता हळूच म्हणाली.

"क्या?"

"सिट्टी वाजली तर फळ्या लावू नका. लढू नका, बोलू नका. फक्त दुकान उघडं ठेवा. समोर माणसं दिसली तर त्यायचा हात उचलत नाई."

सुशीलाबाईने मीठ बांधून दिले. ती हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. धनवंता बाहेर पडली तेव्हा मला तिच्या चालण्यात काळजी जाणवली.

होळीच्या आधीच्या बाजाराला शामकला आली. कपाळावर व्रण होता आणि डोक्यावर मासळीची नवी टोपली. मुर्रीच्या बाया तिला स्टेशनवरून घेऊन निघाल्या. नेमका त्याच दिवशी कोणी मोठा साहेब गाडीने येणार होता आणि ठाण्याचे सगळे शिपाई बंदोबस्ताला स्टेशनवर उभे होते. पतिरामही तिथेच. दुलीचंदला हे माहीत होते.

बाया चौकात आल्या, तेव्हा त्याच्या माणसांनी एक रिकामी बैलगाडी रस्त्यात आडवी लावली. मागचा रस्ता दोघांनी अडवला. चौदा बाया आणि शामकला मध्ये कोंडल्या गेल्या. दुलीचंद ओट्यावरून सावकाश उतरला.

"ठाने में मेरा नाम दिया था तूने," तो शामकलाला म्हणाला. "अब यहीं नाक घिस. बीच चौक में. फिर जा."

शामकला जागची हलली नाही. डोक्यावरची टोपली तिने घट्ट धरली. दुलीचंदने तिचा हात धरला आणि तिला खाली वाकवू लागला.

धनवंताचा हात फडक्याखाली आला. तिने मला ओठांशी धरले. ओठ पार कोरडे होते. तिने फुंकर मारली.

मी वाजलेच नाही.

मित्रांनो, माझ्या आयुष्यातला सगळ्यात लाजिरवाणा क्षण तो. दोन महिन्यांची तंबाखूची भुकटी माझ्या गळ्यात दाटली होती. नुसता फुस्स असा आवाज आला. दुलीचंदने वळून पाहिले आणि मोठ्याने हसला. त्याचे सोबतीही हसले. एकजण धनवंताच्या दिशेने निघाला.

धनवंताने मला तळहातावर आपटले. एकदा, दोनदा. भुकटी उडाली. तो माणूस तीन पावलांवर आला. तिने छाती भरून श्वास घेतला आणि फुंकले.

आणि मी वाजले. इतकी लांब आणि इतकी उंच मी कधीच वाजले नव्हते. स्टेशनपर्यंत आवाज गेला, गंजापर्यंत गेला. आडव्या गाडीपलीकडचे बैल बिचकले.

पण पाठोपाठ दुसराच आवाज आला. खटाक. कापडाच्या दुकानाची पहिली फळी लागली. खटाक, तंबाखूवाल्याची. खटाक, तिसरी. नेहमीसारखीच. श्यामलालनेही फळी उचलली. तो ती चौकटीत बसवू लागला, पण बसेना. कारण उंबरठ्यावर सुशीलाबाई येऊन उभी राहिली होती.

"हटो," तो कुजबुजला.

"नहीं हटती. पटिया नीचे रखो जी."

"पागल हो गई क्या?"

"उस दिन मैंने सब देखा था," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण चौक गप्प असल्यामुळे सगळ्यांना ऐकू आला. "तब से कपाळावरचे रक्त डोळ्यासमोरून जात नाही. फळी ठेवा खाली."

अशी हिंदी-मराठी एक करून बोलणारी ती बाई, दिवसाढवळ्या कधी चौकात उतरली नव्हती. आज ती दुकानाच्या पायऱ्या उतरली. डोक्यावरचा पदर सारखा करत रस्ता ओलांडला आणि शामकलाच्या शेजारी येऊन उभी राहिली. 

 श्यामलालने फळी खाली ठेवली आणि तो बायकोच्या मागे निघाला. समोरच्या कापडवाल्याची लागलेली फळी निघाली. गाडीवान उतरले. स्वयंपाक टाकून आलेल्या बाया दारादारांत दिसू लागल्या. दुलीचंदने शामकलाचा हात सोडला. तो इकडेतिकडे बघू लागला. चौकातली माणसे आपल्याकडे अशी सरळ बघतात, हे त्याला नवीन होते.

तेवढ्यात मालधक्क्याकडून हमाल आले. वीस-पंचवीस जण, काहींच्या हातात पोती ओढायचे आकडे, आणि सगळ्यांच्या पुढे खुशाल. त्याच्या डाव्या हातात गाडीचा उभा दांडा होता.

मित्रांनो, इथे ही गोष्ट आनंदाची झाली असे तुम्हाला वाटेल. मलाही तसेच वाटले. पण गर्दीचा राग जागा झाला, की तो कुणाचेच ऐकत नाही. लोकांनी दुलीचंदला घेरले. इतक्या वर्षांची चीड एकदम वर आली. कोणी त्याचा सदरा फाडला, कोणी आकडा उगारला. त्याचे सोबती केव्हाच पसार झाले होते. दुलीचंद ओट्याला पाठ लावून बसला आणि हात जोडू लागला. खुशालने दांडा डोक्याच्या वर नेला.

"माह्या हाताचा हिशेब कोनाकडे मागू?" तो म्हणत होता. "कोनाकडे मागू मी?"

त्या क्षणी गर्दी कापत पतिराम आला. स्टेशनवरून पळत आला होता, पगडी कुठेतरी पडली होती. तो दुलीचंदच्या पुढे दोन्ही हात पसरून उभा राहिला.

"मारू नका," तो धापा टाकत म्हणाला. "मारलं तर उद्या तुमी आत, अन हा बाहेर."

"बाजूले हो," खुशाल म्हणाला. "तुले वाचवाले हाच भेटला?"

पतिराम हलला नाही. त्याच्या हातात लाठी होती, पण त्याने ती उचलली नाही. दांडा दोघांच्या डोक्यावर होता. मागून लोक पुढे रेटत होते. एक डोके फुटले असते, तर त्या चौकात मग किती फुटली असती देव जाणे.

तेव्हा मी दुसऱ्यांदा वाजले. धनवंताने नवऱ्याच्या समोर उभे राहून, त्याच्या डोळ्यांत बघत मला फुंकले. लहान, तोकडी फुंकर. खुशालचा हात वरच थांबला. पाच वर्षांपूर्वी माझ्या आवाजाने लाठ्या सुरू झाल्या होत्या. आज त्याच आवाजाने दांडा थांबला.

"ठेवा खाली," ती नवऱ्याला म्हणाली. "आता साक्ष देऊ. मी देतो. ज्यायनं पाह्यलं, त्या सगळ्यायनं दिली पाहिजे."

खुशालने दांडा खाली टाकला. मग तो तिथेच, रस्त्यावर, गुडघ्यांत डोके घालून बसला. धनवंता त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

सगळे मिळून ठाण्याकडे निघाले. मध्ये दुलीचंद, त्याच्या एका बाजूला पतिराम, मागे बाया, हमाल, दुकानदार. एवढा जमाव येताना पाहून ठाणेदाराला वाटले, दंगा झाला. त्याने शिपायांना लाठ्या घेऊन ओळीत उभे केले. मी धनवंताच्या मुठीत होते. जमाव फाटकापाशी थांबला.

"हुजूर, हे साक्ष द्यायले आले," पतिराम म्हणाला.

"सब के सब?"

"होय हुजूर."

ठाणेदाराने जमावावरून नजर फिरवली. मग त्याने शिपायांना मागे घेतले. पण त्याने विचारलेला पहिला प्रश्न वेगळाच होता. "सीटी किसने बजाई? स्टेशन पर भी सुनाई दी."

पतिरामची साखळी खिशाबाहेर रिकामी लोंबत होती. त्याने 'मी वाजवली' म्हटले असते तर कोणी विरोध केला नसता. चौकातला एकही माणूस त्याच्याविरुद्ध बोलला नसता. धनवंताने तर मूठ पाठीमागेही नेली होती.

"ह्या बाईनं वाजवली," तो म्हणाला. "मीच दिली होती, हुजूर. चौकात मी एकटा पुरत नव्हतो."

ठाणेदाराचा चेहरा कठोर झाला. त्याने हात पुढे केला. धनवंताने मला त्याच्या हातावर ठेवले.

त्या दिवशी जबान्या लिहिता लिहिता दिवे लागले. तेवीस जणांनी अंगठे उठवले. श्यामलालने व्यापाऱ्यांच्या महाजनी लिपीत सही केली. सुशीलाबाईने लेखणी हातात घेतली आणि एकेक अक्षर जपून काढत आपले नाव लिहिले. शामकलाने सगळ्यांच्या शेवटी अंगठा दिला आणि पदराने शाई पुसली.

दुलीचंदला सहा महिन्यांची कैद झाली. दारूच्या दुकानासमोरचा ओटा नगरपालिकेने फोडून टाकला. चौकात बाया पुन्हा एकेकट्या जाऊ लागल्या.

पतिरामला मात्र शिक्षा झाली. सरकारी वस्तू परक्या हाती दिली म्हणून त्याची बढती थांबली आणि त्याला दूर, जंगलातल्या चौकीवर पाठवले. मी तेव्हा मुद्देमालाची चिठ्ठी बांधून ठाण्याच्या खिडकीत खिळ्याला टांगलेली होते. खिडकीतून मला स्टेशनचा रस्ता दिसायचा. ज्या सकाळी तो निघाला, त्या सकाळी मी त्याला पाहिले. डोक्यावर पगडी, हातात वळकटी, आणि पायाशी पत्र्याची पेटी. हमाल शोधत तो उभा होता.

खुशाल आला. त्याने वाकून पेटी उचलली, डाव्या खांद्यावर घेतली आणि चालू लागला. पतिरामने पेटी परत घ्यायला हात पुढे केला, तर खुशालने मान हलवली. पुढे खुशाल, मागे पतिराम, असे दोघे स्टेशनकडे गेले. वळणावर दोघे दिसेनासे झाले.

पुढची वर्षे उपेक्षेची गेली. खिळा गंजला, मी कपाटात गेले. एका नव्या शिपायाने मला फुंकून पाहिले, आवाज घोगरा वाटला म्हणून परत टाकून दिले. माझ्यावर फुटके कुलूप पडले आणि मला पोचा आला. चिठ्ठीवरची शाई उडत गेली. कित्येक पावसाळे मी अंधारात, बाहेरच्या चौकाचे आवाज ऐकत पडून राहिले.

सन सत्तेचाळीसच्या पावसाळ्यात स्वराज्य आले आणि ठाण्याची साफसफाई झाली. नव्या जमादाराला मी सापडले. चिठ्ठीवर 'धनवंता, मुर्री' एवढेच वाचता येत होते. वहीतून माझा क्रमांक कधीच कमी झालेला होता. त्याने धनवंताला बोलावणे पाठवले. ती आली, केस पांढरे झालेले, बोटे तंबाखूने पिवळी.

"ही कोणाची नाही आता," जमादार म्हणाला. "घेऊन जा बाई."

तिने मला उलटसुलट पाहिले. मग तिने एवढेच विचारले, "पतिराम शिपाई कुठी रायतात जी?"

तो नोकरीतून मोकळा होऊन गोरेगावकडच्या आपल्या गावी परतला होता. पुढच्या बाजाराला धनवंता आणि खुशाल बैलगाडीने तिकडे गेले. पतिराम बांधावर बसला होता. नजर मंद झाली होती. धनवंताने मला त्याच्या हातात दिले. त्याने बोटांनी पोचा चाचपला, तोंड चाचपले आणि ओळखले.  खुशालने धानाची विचारपूस केली.

मग पतिरामने विचारले, "आता चौकात कोन रायते ड्यूटीवर?"

"आमी रायतो जी," धनवंता म्हणाली.

त्याने मान डोलावली आणि मला तिच्याकडे परत दिले.

मित्रांनो, मला जपायचे असेल तर फार काही करावे लागत नाही. गळ्यात भुकटी साचू देऊ नका, पोटातला गोळा मोकळा ठेवा, मी आणखी कितीतरी वर्षे वाजेन. पण शिट्टीला स्वतःचा श्वास नसतो. तो कोणीतरी भीत भीत, कोरड्या ओठांनी द्यावा लागतो. तो देणाऱ्या माणसाची काळजी माझ्याआधी घ्या.